आखाजीहून परतलेल्या सुना

निरोप आला म्हणून सुरत स्टेशनच्या पोलीस चौकीत शिरले तर बाकावर पाच बायका ओळीनं रडत बसलेल्या आणि भिंतीशी पाच पुरुष उकिडवे. जमादार खुशीत म्हणाला, "मासी, एक दिवसमां पांच केस."

मी सुरतेत बायकांच्या आधारगृहात गृहमाता होते. म्हणजे तिथल्या बायकांचं जेवणखाण, आजारपण, भांडणं बघणारी. माझी शाळा चौथीपर्यंत. आदल्या आठवड्यात आमच्या मॅडमनी पोलीस, टीसी आणि नर्स यांना ट्रेनिंग दिलं होतं. मुली फसवून आणून विकणारे कसे ओळखायचे, याचं. लोक झोपू नयेत म्हणून मॅडमनी सोप्या खुणा ठेवल्या. आधारगृहातल्या मुलींना विचारून मी त्या गोळा केल्या, मॅडमनी तक्त्यावर लिहिल्या. मुलीच्या अंगावर नवी साडी, डोळे रडून सुजलेले. पुरुष पुढे चालतो, पेटी आणि तिकीट त्याच्याकडे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्या खुणा खऱ्या होत्या.

फक्त आखाजी नुकतीच झाली होती. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. सण झाला की त्यांना आणायला सासरचा मुऱ्हाळी जातो, बहुतेक दीरच. निघताना लेक रडते. नाही रडली तर गाव नावं ठेवतं. अंगावर माहेरची साडी असते. दीर चारचौघांत वहिनीशी काय बोलणार? तो पेटी उचलून पुढे चालतो. त्या दिवसांत भुसावळकडची गाडी सुरतेला रिकामी झाली की फलाटभर हेच.

"जमादारसाहेब, या आखाजीहून परतलेल्या सुना आहेत."

"निशानी तो तमे ज आपेली," तो म्हणाला. खुणा तुम्हीच दिल्या.

चौघींचे नवरे कापडाच्या लूम-कारखान्यातून धावत आले आणि बायकोला, भावाला घेऊन, जमादाराला शिव्या घालत गेले. रेखा उरली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा गावाला, दीर भिंतीशी तसाच उकिडवा.

"चल, मी सोडते घरी," मी म्हटलं.

"सासू माले घरमा लेवाव नही," ती म्हणाली. पोलिसांनी धरलेली सून कोण घरात घेईल? पोरीचं बरोबर होतं. लिंबायतला तिच्या गल्लीत बातमी पोचलीच असणार.

पोचली होती. सासू स्वतःच आली.

"ये तुम्हारी बहू है?" जमादारानं विचारलं.

"हाई मनी सून शे. काय चोरं हिनी?"

"काही नाही," मी म्हटलं. "साहेबांची चूक झाली."

"पोलीस चुकतस का? लोके मानतीन का?"

"मग काय केलं तर मानतील?"

तिनं जमादाराला वरपासून खालपर्यंत बघितलं. "येले गल्लीमा लई चाल. सर्वास्ना समोर बोलू दे." याला गल्लीत घेऊन चल, म्हणे.

"मेरी ड्यूटी है," जमादार म्हणाला.

"तो रखो इसकू इधरच. खाना भी तुमच खिलाव."

जमादारानं टोपी घातली आणि दीराला पेटी उचलायला सांगितलं.

गल्लीत त्यानं मोठ्यानं सांगितलं, बहू निर्दोष है. लोकांचा संशय वाढलाच. एक म्हातारा म्हणाला, निर्दोष आहे तर पोलीस सोबत कशाला? शेवटी सासूनं दारात खाट टाकून त्याला बसवलं आणि सुनेला चहा करायला आत पाठवलं. ज्या बाईला धरलं तिच्याच हातचा चहा साहेब पितो, हे मात्र गल्लीला पटलं. चहात साखर नव्हती. जमादारानं तोंड वाकडं न करता संपवला आणि "सरस" म्हणाला.

सासूनं स्वतःचा घोट घेतला आणि सगळ्यांदेखत रेखाला झापलं. आईनं एवढंच शिकवलं का, वगैरे, घरच्या सुनेला रोज झापतात तसं. दिवसभरात रेखा तेव्हा पहिल्यांदा हसली.

पुढच्या ट्रेनिंगला मॅडमनी तक्ता लावला नाही. पहिला धडा ठेवला तो असा: बाईला बाजूला बसवा, पाणी द्या, बाईमाणसाकरवी तिलाच विचारा. त्या पाच जणींना चौकीत कुणी एक शब्द विचारला नव्हता. खुणा शिकवल्या की माणसं खुणाच पकडतात. आणि पोलिसांचं ट्रेनिंग ठरवताना आधी पंचांग बघावं.