क्रॉसिंगच्या भरवशावर शिमग्याला

दादरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा पर्समध्ये गावच्या घराची किल्ली होती आणि डोक्यात बाबांचं वाक्य. "पालखी यायच्या आत दार उघड. बाकी काही नाही जमलं तरी चालेल."

बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, आई त्यांच्यापाशी, म्हणून मी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तिथे घरोघर फिरते, आणि ज्या घराला कुलूप त्या अंगणात ती टेकत नाही. आजोबा होते तोवर दार उघडंच असायचं. गेल्या वर्षी ते गेले, त्यामुळे आम्ही सण केला नाही. यंदाही कुलूप दिसलं असतं तर गावाने आमचं घर बंद घरांत धरलं असतं. मग पालखी खालच्या रस्त्याने परस्पर पुढच्या वाडीत जाते, कायमची. हे सगळं एका किल्लीवर आणि एका गाडीवर अवलंबून होतं.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. रोह्यापर्यंत जुनी रेल्वे, रोह्यापुढे नवी. नवा कारभार येऊन चारेक वर्षं झाली, तरी आमच्याकडे तिला अजून 'नवी रेल्वे'च म्हणतात. या गाडीच्या वेळापत्रकात आमचं छोटं स्टेशन कधीच नव्हतं. पण रूळ एकेरी. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला ती नेमकी आमच्याकडे उभी राहायची, आणि तेवढ्या वेळात अख्खा गाव बोचकी-पोतडी घेऊन उतरायचा. तिकीट रत्नागिरीचं आणि उतरायचं क्रॉसिंगला, हा आमच्या गावाचा शिरस्ता. बाबाही तसेच जात आले.

यंदा डबेसुद्धा बदललेले निघाले. आडवी बाकडी जाऊन ओळीने खुर्च्या आलेल्या. दिसायला छान, पण वरची फळी इतकी अरुंद की त्यावर ऑफिसची बॅगच राहावी. कोकणात ऑफिसची बॅग घेऊन कोण जातं? नारळांची पोती, फुलांच्या करंड्या, एका गृहस्थांचा तर ढोल, सगळं मधल्या वाटेत. आणि माझी खुर्ची उलट्या तोंडाची. गाव येण्याऐवजी मुंबईच लांब जाताना दिसत होती.

शेजारी एक काकी, त्यांच्या पलीकडे काका. मी पुस्तक उघडून बसले. अनोळखी माणसांशी बोलणं माझ्या जिवावर येतं, त्यातून शाळा इंग्रजी, बोलताना मराठी शब्द ऐन वेळी दगा देतात. पण काकींपुढे पुस्तकाचा काही उपयोग झाला नाही.

"खंयची गो तू, बाय?"

मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. काका ताडकन पुढे वाकले. "अगो, म्हंजे आमच्याच वाडीतली! मी शिवगण. तुझ्या आजोबांच्या अंगणात मी पालखी नाचवली हाय." मग मी दाराचं सगळं सांगितलं. काकांनी मांडीवर थाप मारली. "काय काळजी करू नको. दुपारच्या आत आपुन घरात. क्रॉसिंग आपल्याकडंच!"

पेणला पूर्वी खिडकीत पापड-मिरगुंडांच्या टोपल्या यायच्या. आता खिडकीची काच वर सरकतच नाही. गणवेशातला माणूस कटलेट घेऊन आला. मी घेतलं. बाहेरून गार, आतून ओलं. काकींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि डब्यातली पोळी आणि बटाट्याची भाजी पुढे केली. "आज पालखी, म्हणून सुकट नाय हां आणलेली. नायतर तुला दाखवलं असतं."

चिपळूण मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडी एका ओसाड स्टेशनात थांबली. एक फलाट, एक बाक, बाकावर कुत्रं. अर्धा तास झाला. ढोलवाले गृहस्थ उतरून विचारून आले. "क्रॉसिंग हाय."

"हिथं?" काका म्हणाले. "हिथं कसं?"

"नवीन टायमटेबल."

बऱ्याच वेळाने समोरून आली ती मालगाडी. सपाट डब्यांवर एकामागे एक चक्क ट्रक उभे. ही नव्या रेल्वेची नवी सोय. ट्रकचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसून जात होते. एक पाय वर घेऊन चहा पीत होता, दुसरा आरशात बघून केस विंचरत होता. ज्यांच्याकडे स्वतःची चाकं आहेत ते गाडीत बसून चालले होते आणि आम्ही त्यांना वाट देत होतो. काकी त्यांना काचेआडून म्हणाल्या, "जावा बाबांनो, तुमचीच रेल्वे." डबा हसला. मला हसू येईना. इथे झालं म्हणजे आमच्या स्टेशनात क्रॉसिंग होणार नाही, एवढं मला कळत होतं.

तरी आम्ही सामानासकट दारात जाऊन उभे राहिलो. काकांचं एकच पालुपद, "हळू तरी होईल." झाली नाही. आमचं स्टेशन आलं. पाटी, हिरवा बावटा धरलेला मास्तर, मागे आमची वाडी, लाल कौलं, आंब्यांच्या मधून जाणारी पायवाट. ढोलाचा आवाजही क्षणभर आला. मग सगळं मागे गेलं आणि बोगदा लागला.

उजेड आल्यावर काका म्हणाले, "चार वर्सं थांबत होती गो."

"थांबत नव्हती काका," मी म्हणाले, "समोरच्या गाडीची वाट बघत होती." बोलल्यावर वाटलं, फार लागट झालं. ते खाली मान घालून पोतं बांधत राहिले.

रत्नागिरी स्टेशन चकचकीत आहे. फरशीत तोंड दिसतं. मला तिथे तोंड बघायचं नव्हतं. रिक्षावाला हमरस्त्यावरच्या हातखंब्यापर्यंत यायला तयार झाला, पण काकींनी त्याच्याशी घातलेली हुज्जत संपेपर्यंत माझा जीव वरखाली. तिथल्या तिठ्यावर संगमेश्वरची एसटी दिसताच काकींनी नुसता हात केला. ती थांबली. आमच्या पायवाटेशी काकी ओरडल्या, "ओ कंडक्टर, हिथंच!" आणि ती पुन्हा थांबली. फाटक्या सीटची, खडखडणारी गाडी. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

धावत वाडीत शिरलो. पालखी आमचं घर ओलांडून दोन घरं पुढे गेली होती. आमचं अंगण शेजाऱ्यांनी शेणाने सारवून ठेवलं होतं, दाराला तसंच कुलूप.

पालखी होती त्या अंगणातल्या मांडवात गावकर (गावाचे पुढारी) बसले होते. मी त्यांच्यापुढे गेले. एवढ्या लोकांपुढे मी शाळेतसुद्धा कधी उभी राहिले नव्हते. मी म्हणाले, "गाडी थांबली नाही. मी किल्ली आणली आहे."

"बाय, आमी थांबलेलो," गावकर म्हणाले. "पन पालखी माघारी फिरत नाय. तशी रीतच नाय."

"मग आम्ही बंद घर झालो का?"

तेव्हा काका पुढे झाले. सदरा काढून त्यांनी काकींकडे दिला आणि पालखीच्या दांडीखाली खांदा घातला. "वाजव रे," ते पालखीबरोबरच्या ढोलवाल्याला म्हणाले. मागच्या दांडीला त्यांचा पुतण्या.

पालखी नाचवताना माणूस ती नेत नाही, देव नेतो तिकडे ती जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यावर कुणी बोट ठेवत नाही. काका साठीच्या पुढचे. ते गिरक्या घेत अंगणाबाहेर आले, दगडी गडग्याला घासून वाटेवर आले, एकदा पुढे, एकदा आडवे, आणि मग पाठमोरे, एकेक पाऊल, आमच्या घराच्या दिशेने. गावकर उठून उभे राहिले. कुणी अडवलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "शिवगण, पाठमोरी इंजान लावलंस काय रं?"

मी पुढे पळाले. पालखी अंगणात टेकली तेव्हा आमचं दार उघडं होतं.

काकींनी ओटी भरली, मी नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं (देवापुढे करायची मागणी) घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यी पोर मुंबयवरनं आली हाय, तिच्या घराचं दार असंच उघडं ठेव."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि त्या रेल्वेवाल्यांना आमचं ठेसन दाखव."

सर्वांत मोठं "व्हय म्हाराजा" त्याला पडलं. काका पायरीवर बसून धापा टाकत होते. मी पाणी नेऊन दिलं.

परतीला रत्नागिरीहूनच गाडीत बसले. देवाने गाऱ्हाणं ऐकलं असेल, वेळापत्रकाने नव्हतं ऐकलं. आमचं स्टेशन विजेसारखं गेलं. मला पुन्हा राग आला. मुंबई आणि रत्नागिरी जवळ आणताना मधली सगळी गावं लांब पडतात, हे या नव्या कारभारात कुणाच्या ध्यानात येतं की नाही कोण जाणे.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगायचं होतं. खुर्च्या, ट्रक, कटलेट. त्यांनी एवढंच विचारलं, "उघडलंस?"

"उघडलं."

मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाले, "पुढच्या शिमग्याला कुठल्या गाडीने जाशील?"

"आदल्या दिवशीच्या," मी म्हणाले.