विमानाची शेपटी आणि घरचा कूलर

लातुरात माझं कूलरचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे घरामागे घातलेली पत्र्याची शेड, तिच्यात एक कॉम्प्रेसर, पत्रा वाकवायचं मशीन आणि मी. उन्हाळ्याच्या तोंडावर हाताखाली माणसं असतात. मृग लागला की ती शेतात जातात, आणि मग कूलरलाही कुणी विचारत नाही, कूलरवाल्यालाही. अशा रिकाम्या दिवसांत माणूस मोबाइल बघतो. मीही बघत होतो, तर त्यात परदेशातला कुणी म्हातारा स्वतःच्या शेडमध्ये विमान बांधताना दिसला. कंपनी सुटे भाग पेटीत घालून पाठवते, आपण ते जोडायचे. मी आतून बायकोला हाक मारली.

"अगं, हे बघ. हे तर नुसतं पत्र्याचं काम हाय की!"

माझं डोकं फिरलं ते या वाक्यानं. जन्मभर पत्रा कापलेल्या माणसाला विमान म्हणजे पंख लावलेला कूलर वाटावा, यात नवल नाही. दोन्हीत पंखा आहे, दोन्हीत पत्रा आहे, दोन्ही घरघर करतात. उडण्याचा भाग तेवढा नवीन होता, आणि तो मी किरकोळीत काढला.

बायकोनं मोबाइल नीट बघितला, मला परत दिला आणि म्हणाली, "करा तुमी. पण मी त्यात बसणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

मी मनातून पार खचलो. कंपनीकडे एका माणसाचंही विमान होतं, मी मुद्दाम दोघांचं धरलं होतं. तिला शेजारी बसवायचं, गावावरून एक चक्कर मारायची, जमलंच तर तिकडे मुखेडपर्यंत जाऊन तिचं माहेर वरून दाखवायचं, एवढं एकच माझं खूळ होतं. तिनं ते पेटी यायच्या आधीच निकालात काढलं. तिला काही न सांगताच मी दोघांचं विमान मागवलं. आशा सुटत नव्हती, दुसरं काय!

कंपनी सगळं विमान एकदम देत नाही, आधी शेपटी देते. हौस तिथेच फिटली तर गिऱ्हाईक फार खोलात जात नाही, असा त्यांचा अनुभव असणार. माझ्यासारखी माणसं त्यांच्या चांगल्या ओळखीची दिसत होती. पेटी आली तेव्हा बायकोनं तिच्यावरचं दोन शिटांच्या विमानाचं चित्र निरखून बघितलं, मग पेटीला भस्माची बोटं ओढली आणि नारळ फोडला. न बसणाऱ्या माणसाच्या मानानं हे बरंच होतं.

शेपटीचा सांगाडा टेबलावर उभा राहिला आणि बघायला लोक येऊ लागले. नायगावचा एक पाहुणा जुन्या कूलरची मोटर न्यायला आला होता. सांगाड्याभोवती फिरून त्यानं विचारलं, "किती फुटी हाय हे?"

"शेपूट हाय, विमानाचं."

"हाव का?" त्यानं वाकून आत बघितलं. "मग पाणी कुठून टाकायचं?"

मला राग आला, पण त्याचं तरी काय चुकलं? माझ्या शेडमधून आजवर दुसरं काहीच बाहेर पडलं नव्हतं.

पत्रे जोडणाऱ्या रिव्हेट मारायची वेळ आली तेव्हा माझी खरी परीक्षा सुरू झाली. हे काम एकट्याचं नाही. बाहेरून मी हवेवरची गन लावायची आणि आतून दुसऱ्यानं रिव्हेटच्या बुडाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मग बूड दबून टिकलीसारखं गोल आणि सपाट व्हायला पाहिजे. माणसं अजून शेतातच, उरली बायको. स्वयंपाक उरकून, पदर खोचून ती शेपटीच्या पलीकडे बसली.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. कूलरवाल्याच्या घरात चांगला कूलर नसतो. जो गिऱ्हाइकाला देता येत नाही तो घरी येतो. आमच्या बैठकीतल्या कूलरचं दार तारेनं बांधलेलं आहे. आतल्या खोलीतल्याचा एक पाय आखूड पडला म्हणून तो विटेवर उभा आहे आणि रात्रभर गळतो. लोखंडी कपाटाला गुडघा लावल्याशिवाय ते बंद होत नाही. बायको काही म्हणाली की माझं उत्तर ठरलेलं: "घरच्याला चालतंय." लग्नाला तीसेक वर्षं झाली, तिनं हे किती वेळा ऐकलं असेल देव जाणे.

तर पहिल्या काही रिव्हेट बऱ्या बसल्या, मग एक वाकडी झाली. बायकोनं आतून बोट फिरवलं.

"काढा ही."

"चालतंय गं."

"काढा म्हणते ना."

काढली. पुढची बसली, तिच्या पुढची पुन्हा वाकडी. पुन्हा "काढा". काढायची म्हणजे डोक्यात ड्रिल घालून अलगद उडवायची, आणि अलगद हा शब्द माझ्या धंद्यात नाही. ड्रिल घसरलं. भोक मोठं झालं, पत्र्यावर ओरखडा उठला. माझा पारा चढला.

"तुला बसायचं न्हाई, उडायचं न्हाई, मग इतकी किटकिट कशाला करायलीस? थोडी पुट्टी भरतो, वरून रंग मारतो. कुणाला दिसतंय?"

पलीकडे ठोकळा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली. चिडलेली नव्हती, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"घरच्याला चालतंय म्हणून जन्मभर गळका कूलर लावलात माझ्या उशाला," ती म्हणाली. "मी काय म्हणलं का? पण हे एक गिऱ्हाइकाचं समजून करा."

"गिऱ्हाईक कोण हाय इथं?"

"मी हाय की. दुसऱ्या शिटावर काय शेजारीण बसणार हाय?"

माझी गन तशीच फुसफुसत राहिली. एवढे दिवस मला वाटत होतं, ही माझ्या विमानाच्या वाईटावर आहे. आणि ती बिचारी एकेक रिव्हेट आपल्या जिवाची म्हणून बोटानं तपासत होती. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त आनंद झाला. इतका की डोळ्यांवर गॉगल ओढून घ्यावा लागला.

"तो पत्रा गेला," मी म्हणालो. "नवा मागवतो. आणि बाकीच्या वाकड्या आत्ताच काढतो."

तिनं ठोकळा उचलला आणि पुन्हा पलीकडे जाऊन बसली. मी ड्रिल लावलं, तेवढ्यात सांगाड्याआडून तिनं विचारलं,

"एवढ्या वरून मुखेड दिसंल का वो?"