उरलेलं रक्त

दोघे भाऊ जुळे, आणि दोघांचं मिळून एक सलून. थोरला काही मिनिटांनीच मोठा, पण तेवढ्या भांडवलावर जन्मभर मोठेपणा गाजवायचा. धाकटा अविवाहित. जेवायला थोरल्याच्याच घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वहिनी आणि पुतणीसोबत. दिसायला इतके सारखे, की गिऱ्हाइकं एकाकडून दाढी करून घ्यायची आणि दुसऱ्याचा निरोप घेऊन जायची.

एका दुपारी थोरला जेवता जेवता ताटावरच कलंडला. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती. थोड्याच महिन्यांपूर्वी त्याने रक्त तपासून घेतलं होतं. साखर, कोलेस्टेरॉल, सगळं उत्तम.

त्यानंतर धाकट्याला दुकानात उभं राहवेना. कात्री चालवताना नजर वर गेली की आरशात भाऊ उभा. जिन्यात शेजारीण दचकायची. वहिनी तर त्याला वाढायची तीही मान वळवून. त्याने नुसतं "मीठ द्या" म्हटलं तरी तिच्या हातातलं भांडं निसटायचं. वेगळं दिसावं म्हणून त्याने मिशी वाढवली. ती पाहून वहिनी ढसाढसा रडली. लग्नात थोरल्याला तशीच मिशी होती.

त्यात नातेवाइकांच्या जिभेला हाड नव्हतं. "तेलात बुडवून घालायची नवऱ्याला. दुसरं काय होणार?" वहिनीच्या कानावर जाईल असंच बोलायचे. तिने तेलाचा डबाच माळ्यावर टाकला होता.

एक दिवस ती दुकान रिकामं बघून खाली आली आणि जमिनीकडे बघतच म्हणाली, "भाऊजी, रक्त तपासून घ्या."

"मला काय धाड भरलीये, वहिनी?"

"तुमच्यासाठी नाही म्हणत. ह्यांचं रक्त जसंच्या तसं आता फक्त तुमच्याच अंगात उरलंय. त्यालाच विचारायचंय मला."

तो उपाशीपोटी लॅबमध्ये गेला. दंडाला पट्टा बांधताना तिथली मुलगी हसली. "आधी येऊन गेलात ना काका? तेव्हा मिशी नव्हती. छान होते तुमचे रिपोर्ट."

भाऊ याच खुर्चीत बसला होता. धाकट्याच्या तोंडून "हो" निघून गेलं. का, ते त्यालाही कळलं नाही. नळीत रक्त चढत होतं, आणि रोज वस्तरा हाताळणाऱ्या त्या माणसाला भोवळ आली.

रिपोर्ट आले. सगळे उत्तम, थोरल्यासारखेच. वहिनीचा चेहरा उतरला. रक्त निर्दोष, म्हणजे दोष स्वयंपाकघराचा, असाच हिशेब तिने मनाशी केला असणार.

पण वहिनीसोबत तो रिपोर्ट दाखवायला गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांची सगळी कथा ऐकून घेतली. "जुळे होतात? मग आणखी एक तपासणी करू. नेहमीच्या तपासण्यांत ही येत नाही."

तिचं नाव लायपोप्रोटीन-ए. हाही रक्तातल्या कोलेस्टेरॉलचाच एक प्रकार. आकडा आला तो नको तेवढा वर.

"हे आईबापांकडून येतं. खाण्यापिण्याने फारसा फरक पडत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाचंही असंच असणार. त्यामुळेच ते गेले, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण धोका जन्मापासूनच होता."

"म्हणजे माझ्या हातच्या जेवणाने..." वहिनीने विचारलं.

"एकट्या जेवणाने असं होत नाही हो."

तेव्हा वहिनीने कित्येक महिन्यांनी धाकट्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

बाईंनी पुतणीचीही तपासणी करायला सांगितली. तिचा आकडा खाली निघाला. घरात त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलणं ऐकू आलं. धाकट्याला गोळ्या सुरू झाल्या. हा आकडा गोळ्यांनी उतरणार नव्हता, पण बाकीचं कोलेस्टेरॉल अगदी खाली ठेवलं की धोका कमी होतो, असं बाईंचं म्हणणं.

नातेवाइकांना त्याने स्वतः जाऊन सुनावलं. तेल परत ओट्यावर आलं.

आता वहिनी मान वळवत नाही. उलट तिची नजर त्याच्यावरून हलत नाही. तो जिना चढला की ती दारात उभी. जेवताना त्याला ठसका लागला की तिच्या हातातला घास तसाच राहतो. एकदा त्याने नुसता खांदा चोळला, तर पुतणीला हाक मारून तिने रिक्षा बोलावली.

"वहिनी, असं बघू नका. घास उतरत नाही."

"बरं," ती म्हणते, आणि बघतच राहते.

तोही मग मुकाट्याने, तिला दिसेल अशी, गोळी जिभेवर ठेवतो.