कुठे चाललात?

परदेशात, सरे शहरात राहणाऱ्या प्रमिलाताई हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, पार्किंगमध्ये वही घेऊन उभ्या असतात. स्की खांद्यावर टाकून निघालेल्या प्रत्येकाला अडवतात. "कुठे चाललात? कुठल्या वाटेने? परत कधी?" कोणी वैतागलं, तर त्याच्यावरच खेकसतात आणि उत्तर लिहून घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

घरातून निघालेल्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, अपशकुन होतो, असं त्यांच्या माहेरी कटाक्षाने पाळायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा निहार स्की घेऊन एकटाच निघाला, तेव्हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

रात्र झाली तरी तो परतला नाही. शोधपथकाने पहिलंच विचारलं, "गेलाय कुठे?"

पथक दोन दिवस भलत्याच दरीतला बर्फ उपसत राहिलं.