व्हिएन्नाच्या नकाशावर गाऱ्हाणं

अशी गोष्ट पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण अंगात येणं, देव बोलणं, नजर लागणं यातलं मी कधीच काही मानलं नाही. वाडीत कुणाच्या अंगात आलं की पहिली हसायची मी, आणि आईची चापटही पहिली मलाच बसायची. त्यामुळे असलं काही मीच सांगायला बसावं हे मला विचित्र वाटतंय... शिवाय यात भिण्यासारखं थोडं आणि लाज वाटण्यासारखं जास्त आहे. तेही सगळं माझंच.

माझं गाव पोलादपूर तालुक्यात. एसटी खाली रस्त्याला सोडते, तिथून वाडीपर्यंत पाऊण तासाचा चढ. आई तिथे एकटी असते, भाऊ संतोष मुंबईला. मी चार वर्षं मस्कतला एका मराठी डॉक्टर जोडप्याकडे स्वयंपाकाला आहे. ताई, साहेब आणि ताईंचे वडील अण्णा. अण्णा नागपूरचे, रिटायर्ड इंजिनीयर. माणसं इतकी चांगली की मला सारखी धास्ती – आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल. इथे कितीतरी मालक पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. ताईंनी पहिल्याच दिवशी माझा माझ्या हातात दिला होता. "तुझा आहे, तुझ्याच कपाटात ठेव," म्हणाल्या.

मागच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. ताई म्हणाल्या, "सुनंदा, आम्ही चार दिवस व्हिएन्नाला चाललोय. तुझी रजा नेमकी तेव्हाच आहे. गावी जा, नाहीतर आमच्याबरोबर चल. आणि आलीस तर पोळ्या लाटायला नाही हं, बघायला यायचं."

गावी जायचा शब्द मी आईला दिला होता. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, तिची ओटी माहेरवाशिणीने भरायची असते. माझे दोन शिमगे आधीच चुकले होते. तरी मी ताईंना "येते" म्हणाले. राजवाडे, घोडागाड्या, नदीतली बोट... माझ्यासारखीला पुन्हा कोण विचारणार?

मग आईला फोन केला.

"आई, रजा नाय दिली गो."

"नाय दिली? कबूल केलेली ना त्यांनी?"

"केलेली. आता नाय म्हनतात."

"मेल्यांना आईबाप नायत काय?" मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "पासपोर्ट तरी हाय ना तुझ्याजवळ?"

खालच्या वाडीतला एक जण आखातात दोन वर्षं अडकून पडला होता, ते तिच्या डोक्यात होतं. तेव्हा तरी मी खरं बोलायचं! पण रजा नाही हे खोटं पक्कं व्हावं म्हणून मी म्हणाले, "त्यांच्याकडं हाय."

मी फोन ठेवला आणि अण्णांच्या चिवड्यासाठी शेंगदाणे तळायला घेतले.

अण्णांनी सहलीची वहीच केली होती. कुठली ट्राम, किती वाजता, चढायला कोणता दरवाजा बरा... रोज जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचे आणि सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचे. त्या शुक्रवारी साहेब ड्युटीवर होते. दुपारचे चार झालेले, मी नुकताच चहा ठेवला होता.

"सुनंदा, लोकरीचे मोजे घेतले का?"

"घेतले अण्णा."

"आणि चिवडा? ते लोक सगळं गोडच खाऊन राहिले असतात. मी काय चार दिवस केकवर काढू?"

ताई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही राजवाडा बघायला चाललात की चिवडा खायला?"

"राजवाड्यात बसून चिवडा खाईन. तुझ्या बापाचं काय जाते?"

"माझे बाप तुम्हीच आहात!"

आम्ही तिघंही हसलो. अण्णांनी नकाशावर बोट ठेवलं. "तर दुसऱ्या दिवशी नऊची ट्राम. तिथून राजवाडा, मग..."

बोट थांबलं. मान किंचित खाली गेली. आणि अण्णांच्याच तोंडून, पण त्यांचा नव्हे असा जाड, लांबवलेला आवाज आला –

"ह्या घरची बायडी परमुलखात आडकली हाय. ज्यानं तिला धरून ठेवली हाय..." मधे ते दोनदा खाकरले. "...त्याची मूठ सोडव रे म्हाराजा. पोरीची वाट मोकळी कर."

बायडी हे माझं वाडीतलं नाव. कागदोपत्री कुठेच नाही. फोनवर आई मला नुसतं 'बाय' म्हणते. मस्कतमध्ये ते नाव कुणालाही माहीत नव्हतं.

ताई हसतच म्हणाल्या, "अण्णा, हे कुठलं नाटक?"

अण्णांनी मान वर केली. "कसलं नाटक? पाणी दे गं जरा. हां, कुठं होतो आपण? राजवाडा."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, मला घरी जायचंय."

"आत्ता? अगं, व्हिसा लागलाय तुझा."

"घरी जायचंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आई बरी आहे ना?" मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. तासाभरात दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढून दिलं.

संध्याकाळी शिमग्याला गावी गेलेल्या संतोषचा व्हिडिओ आला. आमचं अंगण, मधे पालखी, आई पदर पसरून उभी. गुरव देवाला गाऱ्हाणं घालत होता – "ह्या घरची बायडी परमुलखात आडकली हाय..." मधे दोनदा खाकरला, त्याच जागी. शब्द तेच, ओळीने. संतोषला विचारलं, किती वाजता? म्हणाला, साडेपाचला पालखी आली, लगेच गाऱ्हाणं. तिकडचे साडेपाच म्हणजे इकडचे चार.

मी वाडीत पोचले तेव्हा पालखी सहाणेवर, तिच्या गावातल्या ओट्यावर, बसली होती, शेवटचा दिवस होता. आई मला बघून रडली, आणि 'कसायांनी सोडली रे म्हाराजा' म्हणत नारळ घेऊन देवासमोर गेली. बायका जमल्या.

"सोडली गो त्या कसायांनी?"

"मारायचे काय तुला?"

"जेवायला तरी द्यायचे?"

कसाई! ज्या बाईने माझा ताप उतरेपर्यंत माझ्या उशाशी बसून रात्र काढली, तिला. गुरव नारळ हातात घेऊन विचारत होता, "सांग, कोनी धरली होती तुला? नाव घे, म्हंजे देवाला सांगू."

मी म्हणाले, "कोनी नाय. पासपोर्ट माझ्याकडंच होता. मी फिरायला चालले होते."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता देवाला काय सांगायचं रे, परत घे?" थोडी माणसं हसली. आई हसली नाही. "चल घरी," एवढंच म्हणाली, आणि नारळ गुरवाच्या हातातच ठेवून पुढे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी मी तिला अण्णांचं सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती, तिने फुंकणी खाली ठेवली.

"म्हातारा बरा हाय ना? माझ्या गाऱ्हान्यानं त्याला काय झालं नाय ना गो?"

"नाय. ताईंचा फोन आलेला. राजवाडा बघितला म्हनं, चिवडा पन खाल्ला."

"त्या बाईला सांगितलंस?"

"नाय."

"मी तिला कसाई म्हटलं देवासमोर. मला तोंड दाखवायला जागा ठेव."

मी मस्कतला परतले त्याला बरेच महिने झाले. एकदा अण्णांना सहज विचारलं, आमच्या बाजूला कधी आला होता का? म्हणाले, कॉलेजात असताना रायगड चढायला पाचाडला उतरलो होतो, तिथं मस्त भात खाल्ला. बस, एवढंच. त्या शुक्रवारचं त्यांना काहीच आठवत नाही. संतोष म्हणतो, तू फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं असेल. पण गुरव तोवर बोललाच नव्हता, मग ऐकणार कुठून?

आई मात्र दर फोनला एकच विचारते – सांगितलंस?

मी काहीही लिहिलं की शुद्धलेखन ताईच तपासून देतात. आत्ता त्या बाहेर सोफ्यावर बसल्या आहेत, चष्मा लावलेलाच आहे. हे कागद घेऊन मी उठते आहे.