गोबीतली बोडी

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरला राइस मिलमध्ये धान घेऊन उभा होतो. थोरला भाऊ माझा. बोलणं बंद होतं आमचं. डोळ्यांत पाणी आलंच नाही. मनात आलं, आता तरी पाणी साठवायला बोडी खोदता येईल... मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

चिखल्याच्या मँगनीज खाणीत तो ड्रिलवर होता. तिथून एका ठेकेदारानं त्याला मंगोलियात नेलं, गोबीच्या कडेला. ते नुसतं वाळवंट नव्हे, असं तो मास्तरासारखा बजावायचा. नजर पोचेल तिथवर घोट्याएवढं विरळ गवत, मध्येमध्ये रानकांदा. घोडं चाललं की जमिनीला कांद्याचा वास. पाऊस वर्षाकाठी आपल्याकडच्या एखाद्या झडीएवढा. तिथल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे त्याचं जाणंयेणं होतं. एकदा त्याच्या कुरणातून पावसाचं पाणी वाहून जाताना पाहिलं आणि या झाडीपट्टीच्या माणसाचे हात शिवशिवले! आपल्याकडे वाहतं पाणी दिसलं की माणूस पार, म्हणजे मातीचा बांध, घालून अडवतोच. यानंही खाणीचं मशीन लावून मेंढरांसाठी तलावडी, आपली बोडी हो, बांधून दिली.

पाणी साचलं. कोरड्या वाऱ्यानं ते उडवून नेलं आणि मागं राहिलं त्या मातीतलं मीठ. दोन पावसांत कुरण पांढरंफटक झालं. पाराखालचं गवतही पाण्यावाचून करपलं. म्हातारा भांडला नाही. तंबू मोडला, मेंढरं हाकलली आणि निघून गेला.

ही अक्कल घेऊन साहेब घरी परतले. आमची सामाईक पडीक जमीन, तिथं नुसतं गवत. मला तिथं बोडी हवी होती, कारण धान पोटरीवर आलं की पाऊस दगा देतो. "काहून अडवून राहिला? इथं का मीठ हाये?" मी विचारलं.

"त्या बुढ्यानं बी मले नाही म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "गवताले हात लावू नको."

सामाईक जमीन, त्याच्या सहीशिवाय खोदता येईना; त्यानं सही दिली नाही ती नाहीच. वर्षामागून वर्षं माझं धान उभ्या उभ्या वाळलं आणि हा बाजेवर बसून ते गवत राखत राहिला. बायकापोरं नव्हती, त्याला काय!

पाहुणे पांगताच मी जेसीबी बोलावला. राख तरी थंड होऊ दे, लोक म्हणाले. होऊ दिली नाही.

आता बोडी काठोकाठ भरली आहे. रोज सकाळी जातो, ओंजळभर पाणी तोंडात घेतो. गोड आहे. मधुकर चुकला होता, साफ चुकला होता... पण हे ऐकायला तो नको का? राग तसाच आहे, तो कोणावर काढू? काल काठावर एकटाच उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "दादा, चाखून तं पाय."