तळपायांना लागेल असा ठोका

दुपारी दोन वाजता नाचाच्या बाईंनी पिशवीतून लाल निशाण काढलं आणि स्टेजच्या कडेला टेकवून ठेवलं.

"मी चारला येते," त्या म्हणाल्या. "तोवर ठोका पायांना लागला तर उत्तम. नाही लागला तर उद्या पुढे निशाणवाला उभा राहील. माणसं तिकीट काढून येणार आहेत हो, मला आयत्या वेळी फजिती नको."

बाई तोंडाने बोलत होत्या आणि त्याच वेळी हातांनीही, कारण समोरच्या आठ बायकांपैकी एकीलाही ऐकू येत नव्हतं. सातजणींनी माना हलवल्या. आठवी, पुढच्या रांगेतली, निशाणाकडे नुसती बघत राहिली. मग तिने वळून खाली संगणक मांडून बसलेल्या आपल्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेला खुणांची गरज नव्हती.

थोरलीला घरीदारी सगळे ठोके म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. वीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर तिचे कान असे तयार झाले होते की तीन टेबलं लांबून ती ओरडायची, "अगं, तुझी सुई वाकलीय!" आणि सुई वाकलेलीच निघायची. जेवताना ताटावर, बसमध्ये समोरच्या दांड्यावर, बोलता बोलता स्वतःच्या गुडघ्यावर तिची बोटं कायम वाजत असत, म्हणून ते नाव. कामावरून आली की गोधड्या-उशा ठेवायच्या खोलीत संगणक उघडून ती संगीत करत बसायची. त्यात गाणारं कुणी नसायचं, वाजवणारंही नसायचं. सगळा कारभार पडद्यावर. वहिनी म्हणायच्या, "आमच्या वन्सं घरात बसून कारखाना चालवतात आणि माल मात्र दिसत नाही."

धाकटीचं ऐकणं ती पाच वर्षांची असताना तापात गेलं. तेव्हा अंगणात दोरीवरच्या उड्यांचा खेळ चालायचा आणि धाकटी कोपऱ्यात उभी राहायची, कारण दोरी कधी जमिनीला लागते ते तिला कळायचं नाही. एकदा ठोकेने मागे उभं राहून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटायला लागली. थप, थप, थप. सातव्या थापेला धाकटीने दोरीत उडी घेतली आणि मग ती बाहेर यायलाच तयार होईना.

पुढे ती या नाचाच्या गटात आली. गट चांगला होता, पण नाचायचं ते निशाणावर. एक माणूस समोर उभा राहून ठोक्याठोक्याला निशाण हलवणार आणि बायका त्याच्याकडे डोळे लावून पाय टाकणार. "नाचतोय की रस्ता ओलांडतोय?" असं धाकटी हातांनी म्हणायची. या वेळी तिला पहिल्यांदा पुढे उभं केलं होतं आणि ठोकेने तिला हातावर हात मारून शब्द दिला होता: निशाण नाही, ठोका फळ्यांतून येईल. त्यावर धाकटीने तिला सरळ सांगून टाकलं होतं, "निशाण आलं तर मी नाचणार नाही. या वेळीही नाही आणि नंतरही नाही."

ती असलं उगाच बोलणारी नव्हती.

बाई गेल्या. सभागृहाचे स्पीकरवाले काका आपल्या खुर्चीत जरा पुढे सरकले. ठोकेने संगीत लावलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच स्पीकर लाकडी फळ्यांवर उभे होते. आवाज असा आला की मागे खुर्चीत बसलेल्या वहिनींनी कानांवर हात ठेवले. स्टेजवरच्या बायका अनवाणी उभ्या राहिल्या, एकमेकींकडे पाहिलं. धाकटीने तळहात उताणा करून हलवला. काही नाही.

"काका, वाढवा जरा."

काकांनी वाढवला. त्यांच्या समोरच्या यंत्रावर लाल दिवे लागले. धाकटीचा हात पुन्हा तसाच हलला.

"आणखी."

"आणखी वाढवला तर पडदा फाटेल स्पीकरचा," काका म्हणाले. "बाई, राग मानू नका, पण आवाज वाढवून ठोका भरत नसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत आहे ही."

हे लागलं, कारण खरं होतं. संगणकावर संगीत करणारे ज्याला किक म्हणतात, तो ढोलासारखा खालचा ठोका भरीव करण्यासाठी ठोकेने महिनाभर जिवाचं रान केलं होतं. आधी तिने दोन थर एकावर एक बसवले. एक नखाने टेबलावर टिचकी मारावी तसा टोकदार, दुसरा छातीत लागणारा. चार दिवसांपूर्वीच्या तालमीत तो फळ्यांत पुरेसा उतरला नाही, म्हणून तिने तिसरा घातला, सगळ्यात खालचा, पोटातला. घरी ऐकताना तिला वाटलं होतं, आता न लागायची काय बिशाद आहे! आणि इथे तिसरा थर घातल्यावर होतं तेही गेलं होतं.

"मीठ कमी वाटलं म्हणून मीठच घालत राहायचं का?" वहिनी मागून म्हणाल्या. त्या डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या आणि मनातल्या मनात नामस्मरण चालू होतं. "आधी घोटभर पाणी प्या. देवाचं नाव घ्या. मग बघा काय ते."

"वहिनी, देवाला किकमधलं काय कळतंय!"

"त्यानेच आपल्या छातीत एक बसवलाय, अख्खा जन्म वाजतो. त्याला नाही कळणार तर कुणाला?"

काका हसले. ठोकेला हसू आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. तिने खालचे स्वर वाढवून पाहिले, टोक आणखी धारदार केलं, दुसऱ्या थराचा आवाज वर नेला. प्रत्येक वेळी तिच्या कानांना फरक कळायचा आणि प्रत्येक वेळी धाकटीचा तळहात तसाच हलायचा. मागच्या रांगेतल्या दोघी खाली बसल्या. एकीने हळूच निशाणाकडे बोट दाखवून दुसरीला काहीतरी खुणावलं. धाकटीने ते पाहिलं आणि ती ताडताड चालत स्टेजच्या कडेच्या स्पीकरपाशी आली.

"ही जाळी काढ," ती हातांनी म्हणाली.

"जाळीला हात लावायचा नाही हां," काका उठलेच. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"काका, मी रोज मशीन उघडते," ठोके म्हणाली. पेचकस तिच्या पर्समध्ये कायम असायचा, इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा. "चार स्क्रू आहेत. एकही हरवला तर मला इथेच बसवून ठेवा."

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि स्वतःचा पेचकस काढून दोन स्क्रू स्वतःच सोडवले. "आवाज कमी ठेवा मात्र. आणि नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही."

धाकटीने बोटांची टोकं आतल्या काळ्या गोल पडद्यावर ठेवली आणि डोळे मिटले. ठोका वाजत राहिला. दहा, वीस, तीस. मग तिने डोळे उघडले आणि दोन्ही मुठी समोरासमोर धरल्या.

"एक बाहेर ढकलतो. त्याच वेळी दुसरा आत ओढतो. दोघं भांडतायत."

"कोण दोघं?"

"ते मला काय विचारतेस? घरात तू घेतलंस त्यांना."

ठोके धावत संगणकाशी गेली. तिने दुसरा आणि तिसरा थर पडद्यावर एकाखाली एक घेतले आणि ती नागमोडी रेघ मोठी, आणखी मोठी केली. दिसलं. नेमका जिथे दुसऱ्याचा डोंगर वर चढत होता तिथेच तिसऱ्याची दरी खाली उतरत होती. एकाने दिलेलं दुसरा काढून घेत होता. घरच्या वीतभर स्पीकरमधून एवढा खालचा स्वर निघतच नव्हता, त्यामुळे तिच्या खोलीत ते भांडण कधी ऐकूच आलं नव्हतं.

पडद्यावरची रेघ तिला पुसट दिसायला लागली. वाकलेली सुई तीन टेबलांवरून ओळखणारी बाई! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीचा ठोका तिने महिनाभर कानांनी घडवला होता. एकदाही चपला काढून फरशीवर उभी राहिली नव्हती, एकदाही धाकटीला खोलीत बोलावून "हात लाव बरं" म्हटलं नव्हतं. तिला आयता तयार ठोका नेऊन द्यायचा होता ना, भेट म्हणून.

"ताई," धाकटीने तिच्या खांद्यावर टकटक केलं. "रडायचं नंतर. तीन वाजले."

थर उलटा करायला एक बटण पुरतं. ठोकेने ते दाबलं. दोन्ही डोंगर एका जागी आले. आवाज होता तेवढाच होता, पण वहिनींच्या बाटलीतलं पाणी थरथरलं. स्टेजवर बसलेल्या दोघी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"लागतोय," धाकटी म्हणाली, पण तिचं तोंड वाकडंच होतं. "लागतोय, पण जात नाही. पहिला असतानाच दुसरा येतो. चिखलात पाय टाकल्यासारखं."

भरीवपणाच्या हौसेने ठोकेने ठोक्याचं शेपूट लांबवलं होतं, शिवाय खाली बासचा, म्हणजे खर्जातला, स्वरही सतत वाजत होता. तिने शेपूट कापलं आणि प्रत्येक ठोक्याला बास क्षणभर दबेल असं केलं, अरुंद जिन्यात एकाने अंग चोरून दुसऱ्याला वाट द्यावी तसं. धाकटीने अंगठा अर्धाच वर केला.

सव्वातीन.

"आता काय राहिलं?" काकांनी विचारलं. ते आता खुर्चीत बसत नव्हते.

"फळ्या," ठोके म्हणाली. "प्रत्येक लाकडी स्टेजचा एक स्वर असतो. तो लागला तरच फळी साथ देईल. काका, तुमच्या स्टेजचा कुठला?"

"तीस वर्षांत कुणी विचारलं नाही बाई मला."

तिने ठोका लावला आणि त्याचा स्वर वरून खाली, केसाकेसाने उतरवायला घेतला. धाकटी स्टेजच्या मधोमध अनवाणी, हात खाली सोडून उभी. कुणी हललं नाही. स्वर उतरत गेला. काही नाही. आणखी उतरला. काही नाही. ठोकेचं बोट घामाने घसरत होतं. याच्याखाली फार जागा उरली नव्हती, अजून उतरलं तर स्पीकरच्याही आवाक्याबाहेर.

धाकटीचा हात वर गेला. सावकाश नाही, चटका बसल्यासारखा. आणि तिच्या मागे, तिच्याकडे न बघता, सात हात वर गेले.

आता सगळं संगीतच त्या स्वराला आणून बसवावं लागणार होतं, नाहीतर ठोका एकीकडे आणि बास दुसरीकडे. ते झालं, आणि संगणक नवीन फाइल तयार करायला लागला. पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. साठ टक्के. बासष्ट. तेवढ्यात दार उघडलं. बाई पंधरा मिनिटं आधीच आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत निशाणवाला होता.

"झालं का?"

"एक मिनिट."

"एक मिनिट म्हणजे नाही झालं." बाईंनी निशाण उचलून त्याच्या हातात दिलं. "तुम्ही कडेला उभे राहा. गोंधळ झाला तर लगेच सुरू करा. मी वाट बघणार नाही."

धाकटीने निशाण पाहिलं. ती जागची हलली नाही, पण डावा पाय तिने अर्धं पाऊल मागे घेतला, निघून जायच्या तयारीत असल्यासारखा. पट्टी भरली. ठोकेने वर पाहून फक्त तळहात दाखवला, सपाट, थोपटायच्या बेतात असतो तसा. आणि बटण दाबलं.

पहिल्या ठोक्याला आठ पाय एकत्र पडले. दुसऱ्याला, तिसऱ्याला. रांगा फिरल्या, एकमेकींतून निघाल्या, कुणाची नजर कुणावर नव्हती. पण ठोकेला माहीत होतं, कसोटी अजून यायची होती. मध्ये एका जागी ठोका आठ मात्रा पूर्ण थांबायचा, बायकांनी गिरक्या घ्यायच्या आणि परतणाऱ्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम पाय आपटायचा. मागच्या तालमीत तिथेच सगळं विस्कटलं होतं.

ठोका थांबला. गिरक्या सुरू झाल्या. निशाणवाल्याने निशाण वर उचललं. ठोकेची बोटं आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती. सहा. सात. धाकटीची पाठ निशाणाकडे होती. आठ.

धाडकन आठ पाय पडले. एक आवाज, आठ नाही.

नाच संपल्यावर बाईंनी निशाणवाल्याच्या हातातून निशाण घेतलं, काठीला गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. "उद्या सहाला तयार राहा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

धाकटी घामाघूम होऊन खाली आली. ठोकेने हात पसरले, पण गळ्यात पडायच्या आधी धाकटीने बोट दाखवलं. "मागे उजवीकडे एक फळी सैल आहे. तिथे कमी लागतो. पेचकस आण."

"आधी शाबासकी तरी दे!"

"फळी बसव, मग देते."

तेवढ्यात वहिनींनी डोळे उघडले. नाच सुरू झाल्यापासून त्या पहिल्या रांगेत हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

"झाला?"

"वहिनी! तुम्ही बघितलाच नाही?"

"कसली बघतेय, देवाला सोडलं असतं तर ना." वहिनींनी पाय खाली फरशीवर चाचपून चपला शोधल्या. प्रार्थनेला बसताना काढून ठेवलेल्या चपला खुर्चीखाली सरकल्या होत्या. "पण कुणी चुकलं नाही एवढं कळलं मला. इथपर्यंत येत होतं सगळं, पायांत."

ठोके स्टेजवर गुडघे टेकून फळीचे स्क्रू आवळायला बसली होती. एक आवळला की ती तळहाताने फळीवर थाप मारायची आणि वर बघायची. धाकटी अनवाणी उभी राहून मान हलवायची. अजून नाही. अजून नाही. अजून.